म्हातारीच्या पोटातलं पाणी

रिकामं जहाज समुद्रात धड उभं राहू शकत नाही. माणूस उपाशीपोटी उभा राहतो, प्रसंगी धावतोही. जहाजाचं तसं नाही. पोटात काही नसलं की ते हलकं होऊन कुशीवर कलायला बघतं. म्हणून माल उतरवला की तिथल्याच बंदराचं पाणी ते घटाघटा पितं आणि दुसऱ्या बंदरात माल भरायच्या वेळी ओकून टाकतं. याला बॅलास्टचं पाणी म्हणतात. आता समुद्राचं पाणी म्हटलं की त्यात बिऱ्हाडं आलीच. खेकड्यांची पिल्लं, शिंपल्यांची पोरं, शेवाळाचे धागे, शिवाय ज्यांना नाव ठेवायला कुणाला सवड झालेली नाही असले कैक जीव. हे बिनतिकिटाचे प्रवासी हजार मैलांवर उतरतात, हातपाय पसरतात आणि तिथल्या मूळच्या रहिवाशांना घराबाहेर काढतात.

तसं होऊ नये म्हणून जहाजावर एक गाळणी असते आणि गाळणीपुढे दिव्यांची नळी. त्या दिव्यांच्या उजेडातून पाणी गेलं की त्यातले जीव मरतात, किंवा निदान वंश वाढवण्याच्या लायकीचे राहत नाहीत. दिवे खरंच लागले होते, की नुसते कागदावर लागले होते, हे बघायला बंदरात एक माणूस ठेवलेला असतो. अकरा वर्षं आमच्या बंदरात तो माणूस मी होतो.

काम तसं सोपं. जहाजावर चढायचं, नळाला जाळी लावायची, एक हजार लिटर पाणी त्या जाळीतून जाऊ द्यायचं. जाळीत उरेल ते काचेच्या वाटीत धुऊन घ्यायचं आणि मायक्रोस्कोपखाली ठेवायचं. जिवंत जीव दहाच्या आत असले तर सही. जास्त असले तर पाणी पोटातच ठेवा आणि चालते व्हा. मेलेले कितीही असोत, मेल्यांना कुणी विचारत नाही.

पण मेलेलं कोणतं आणि जिवंत कोणतं हे ठरवायचं कसं? केसापेक्षा जेमतेम जाड जीव, त्याची नाडी कुठे बघणार? तर आमच्या पुस्तकात लिहिलं होतं, सुईच्या टोकाने ढोसा आणि दहा मोजा. तेवढ्यात हललं तर जिवंत, नाही हललं तर मेलेलं. दहाच का, असं मी नवा असताना साहेबांना विचारलं होतं. साहेब म्हणजे आमच्या कचेरीचे मुख्य, स्वभावाने बरा माणूस. ते म्हणाले, "नऊ कमी पडतात आणि अकराला माणूस कंटाळतो. तुला काही दुसरं काम नाही का?"

तर अकरा वर्षं मी ढोसत आलो आणि दहा मोजत आलो. मोजताना माझे ओठ हलतात, ही खोड पहिल्यापासूनची.

त्या दिवशी सकाळी मी कचेरीत जाळ्या धूत होतो, तेव्हा आक्का आली. आक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बंदराच्या तोंडाशी खाडी आत वळते तिथे तिचे अकरा तराफे आहेत. तराफ्यांखाली दोऱ्या सोडलेल्या असतात आणि दोऱ्यांवर शिंपले वाढतात. भावजी गेल्यापासून ते सगळं ती एकटी बघते. कचेरीत ती कधी येत नाही, म्हणते तुमच्या खोलीला मेलेल्या पाण्याचा वास येतो. आज आली ती हातात बादली घेऊन, आणि दारातूनच विचारती झाली,

"धाकट्या, मेलेलं वाढतं का रे?"

"आक्का, सकाळी सकाळी हे काय? आधी बस तरी."

"बसायला नाही आले. वाढतं का, तेवढं सांग."

"नाही वाढत."

"मग हे बघ." तिने बादली टेबलावर ठेवली.

आत शिंपले होते. करडे, चपटे, अंगठ्याच्या नखाएवढे. असले मी पाहिले नव्हते. सगळे आ वासून पडलेले.

"दोरी वर ओढली की आम्ही टिचकी मारून निवडतो," आक्का म्हणाली. "जिवंत असला की शिंपला लगेच तोंड मिटतो. नाही मिटला तर मेलेला, परत पाण्यात. आईपासून हेच करत आलोय. सहा महिन्यांपूर्वी हा करडा पहिल्यांदा आला. टिचकी मारली, मिटला नाही, दिला टाकून. पुढच्या महिन्यात पाच-दहा आले, सगळे मेलेले. दिले टाकून. त्याच्या पुढच्या महिन्यात पाटीभर. तेही मेलेले. आता चार तराफे असे आहेत की माझा एक शिंपला दिसत नाही. ह्या मेलेल्यांनी माझे जिवंत गुदमरवून मारले."

"कुठून तरी वाहत येत असतील."

"वाहत येतात, आणि दोरीला आपल्या हाताने गाठ मारून घेतात. अकरा वर्षं मायक्रोस्कोपात बघून हेच शिकलास?"

मी चष्मा चढवला, एक करडा उचलला आणि चमच्याने टिचकी मारली. दहा मोजले. तो तसाच, आ वासलेला.

"मेलंय," मी म्हणालो.

"ओठ का हलवतोस?"

"मोजतोय."

"ते दिसलं. ऐकवतोस कुणाला?"

मी चमचा खाली ठेवला. आक्काने पदराला हात पुसले. "उरलेले सात तराफे गेले तर मी काय करू, ते तूच सांग आता. या वयात मला दुसरं काही येत नाही." मग दाराकडे वळत म्हणाली, "बादली ठेव. तुझ्या पुस्तकात बघ काही सापडतं का." आणि गेली.

मी बादली टेबलाखाली सरकवली आणि चहाला निघालो. जिन्यापर्यंत गेलो आणि लक्षात आलं, चष्मा आतच राहिला. परत फिरलो. दाराशी आलो तर खोलीतून आवाज येत होता. बारीक आणि खूप सारा. शंभर बायका एकाच वेळी कानातल्यांच्या डब्या मिटतायत आणि उघडतायत, असा. मी दार ढकललं. आवाज थांबला.

खोलीत कुणी नव्हतं. वाकून बादलीत पाहिलं. सगळे आ वासून, गप्प. मेलेले. फरक एवढाच, की मी जाताना ते कसेही वेडेवाकडे पडले होते, आणि आता सगळ्यांची तोंडं दाराकडे होती.

चहा राहिला. तेवढ्यात फोन वाजला, म्हातारी आली म्हणून.

म्हातारी हे आम्ही एका जहाजाला ठेवलेलं नाव. गंजलेलं, एका अंगाने किंचित खाली झुकलेलं, दर दोन महिन्यांनी लांबच्या कुठल्या बंदरातून रिकामं येणारं. गेल्या सहा महिन्यांत ती तीनदा आली होती आणि तिन्ही वेळा मी तिला हसत सही दिली होती. वाटीत शेकड्याने जीव निघायचे आणि एकूण एक मेलेले. असे दिवे दुसऱ्या कुठल्याच जहाजावर नाहीत, असं मी स्वतः कप्तानाला सांगितलं होतं. दिवे सांभाळणारा मिस्त्री तर इतका फुगला होता, की मी गेलो की आपल्या मुलांचे फोटो दाखवावेत तशी दिव्यांची नळी दाखवायचा.

सहा महिने. जहाजाचा जिना चढता चढता मी पावलागणिक हेच मोजत होतो.

जहाजावर मला बसायला स्वयंपाकघराशेजारची एक खोली देत. एक टेबल, एक स्टूल, गोल खिडकी, आणि भिंतीपलीकडे आचारी मोठ्या पातेल्यात काहीतरी ढवळत असलेला. मी हजार लिटर गाळलं, वाटी भरली, डोळा लावला.

तीनशेच्या वर होते. शिंपल्यांची पोरं, सुईच्या टोकापेक्षा लहान, प्रत्येकाला दोन पारदर्शक पाकळ्या. सगळी मेलेली. मी एकाला ढोसलं, दहा मोजले. काही नाही. दुसऱ्याला ढोसलं, दहा मोजले. काही नाही. एरवी मी इथेच उठलो असतो. पण आक्काचं ते "ऐकवतोस कुणाला" डोक्यात होतं. तिसऱ्याला ढोसलं, दहापर्यंत आलो, ओठ बंद केले आणि डोळा मात्र काढला नाही.

थोडा वेळ गेला. मग त्या तिसऱ्याने एक पाकळी जराशी वर केली. पाहुणा गेला की नाही हे बघायला झोपेचं सोंग घेतलेला माणूस पांघरुणाची कड उचलतो ना, अगदी तशी. मी होतो. पाकळी खाली आली.

माझ्या मानेवर काटा आला तो पार टाचेपर्यंत उतरला.

पुन्हा ढोसलं. वीस मोजले, तीस मोजले, शंभर मोजले. आता तीनशेतला एकही हलेना. मी दहाला उठत नाही, हे त्यांना कळलं होतं.

विचार केला तर त्यात नवल काही नव्हतं. बंदराबंदरात माझ्यासारखा एक माणूस बसलेला. तो ढोसतो आणि दहा मोजतो. जे हलले ते पकडले गेले, परत पाठवले गेले. जे दहापर्यंत दम धरून राहिले, त्यांना आम्ही सही करून उतरवून घेतलं. मग त्यांची पोरं झाली. त्यांच्यातलीही जी पोरं हलली ती गेली आणि दम धरणारी राहिली. आम्हीच त्यांची शाळा घेत होतो, आणि एका ओळीचा तोच धडा सगळ्या जगाने मिळून घोकून घेतला होता. तिकडे तराफ्यावर आक्का टिचकी मारून त्याच धड्याची उजळणी करून घेत होती.

कप्तान आत आला. जाडजूड, घाईत असलेला माणूस.

"तपासनीसबुवा, सही. तीनला भरती आहे. पाणी सोडायला सुरुवात केली तरच माल घ्यायला धक्का मिळेल."

"यांच्यात जीव आहे, कप्तानसाहेब."

"कुणाच्यात?"

"या सगळ्यांच्यात."

त्याने मला बाजूला सारलं, डोळा लावला, सुई घेऊन एकाला भोसकलंच म्हणा ना, आणि एकदोनतीनचारपाच करत एका श्वासात दहाला पोचला. "मेलेत. माझा सासराही इतका मेलेला नाही. पुस्तकात किती लिहिलंय?"

"दहा."

"मी किती मोजले?"

"दहाच."

"मग तुमच्या साहेबांना बोलावू?"

साहेब आले असते तर काय झालं असतं हे मला पाठ होतं. दोन वर्षांपूर्वी एका जहाजाबद्दल मी असाच हट्ट धरला होता. साहेब आले, दहा मोजले, सही केली, आणि मला तीन महिने जुन्या जाळ्यांच्या गोदामात बसवलं. मी 'जिवंत' लिहिलं असतं तर साहेब वीस मिनिटांत आले असते, आणि तीनच्या आत चार हजार टन पाणी आक्काच्या खाडीत सुटू लागलं असतं. थेंबाथेंबात ही दम धरलेली पोरं. सात तराफे म्हणजे काय, पावसाळ्यापर्यंतही टिकले नसते.

"अजून जरा बघतो," मी म्हणालो. "मोजणी चालू असताना मध्ये बोलायचं नाही, हेही पुस्तकात आहे."

"तीनला पाच कमी असताना येईन," कप्तान म्हणाला आणि गेला. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी पुन्हा वाकलो. यांना कळतं कसं, हा खरा प्रश्न होता. डोळे यांना नाहीत, कान नाहीत. मग बघता बघता दिसलं. माझा श्वास वाटीवर पडत होता. पाण्यावर अगदी पुसट सुरकुती उमटायची आणि विरायची, उमटायची आणि विरायची. तीनशे जणं त्या सुरकुतीकडे लक्ष लावून पडली होती. वर कुणीतरी जिवंत आहे, तोवर आपण मेलेले.

लहानपणी आक्का आणि मी खाडीत एक खेळ खेळायचो. पाण्यावर उताणं पडायचं, मेल्यासारखं, आणि जो आधी हलेल तो हरला. श्वास सुतासारखा बारीक करायचा, नाकाच्या शेंड्यापर्यंत आणायचा आणि तिथूनच परत न्यायचा. आक्का इतका वेळ पडायची की बगळा येऊन तिच्या पोटावर बसायचा. मी कधी जिंकलो नाही, पण दुसरा नंबर माझाच असायचा. खेळायला आम्ही दोघंच होतो, ही गोष्ट वेगळी.

मी कपाळ मायक्रोस्कोपला टेकवलं, एक डोळा काचेला लावलेला, हात लोंबते सोडले आणि मेलो.

पहिली दहा मिनिटं पाण्यावर किंचित सुरकुती राहिली. मग तीही गेली. पाणी काचेसारखं झालं. भिंतीपलीकडचं पातेलं थांबलं, जहाजाची घरघर तेवढी राहिली. डोळा कोरडा पडला, चुरचुरला, मग चुरचुरायचाही थांबला. आपल्याला बोटं आहेत की नाहीत हे मला सांगता आलं नसतं.

घड्याळात दोन पन्नास झाले असतील, तेव्हा एकाने पाकळी उचलली. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनी, एकदम, एखाद्या गावातली सगळी दारं पहाटे उघडावीत तशी. पोहू लागली. मला वाटलं होतं, पोरं आहेत, सैरावैरा धावतील. तसं काही नाही. ती वर आली. पाण्याच्या अगदी वरच्या थराला येऊन, माझ्या डोळ्याखाली गोल करून थांबली. त्यातलं एक पुढे झालं आणि काचेच्या भिंगाला, जे पाण्याला जेमतेम टेकलं होतं, खालून हलकेच ढोसलं.

मग थांबलं. सगळी थांबली.

मी मनात मोजलं. दहा.

पुन्हा ढोसलं, पुन्हा दहा. मी हललो नाही. आजवर मी इतक्या जीवांना ढोसलं, पण ढोसल्यानंतरचे ते दहा आकडे पलीकडच्या बाजूने किती लांब असतात हे मला त्या दिवशी कळलं. तिसऱ्यांदा दहा झाले तेव्हा त्यांची खात्री पटली असावी. ती भिंगाला चिकटू लागली. एक, चार, वीस. मेलेल्या वस्तूवर घर करायचं, हा त्यांचा रीतसर धंदा. माझी नजर कडेकडेने करडी होत आत येऊ लागली.

आणि तेवढ्यात दार उघडून कप्तान आला.

"तपासनीसबुवा, सही." तो जवळ आला. "अहो." त्याने खांद्याला ढोसलं. मी त्याच्या तोंडातून बारीक आवाजात येणारे आकडे ऐकत होतो. दहा झाले. कप्तानाने आचाऱ्याला हाक मारली.

मी तेव्हा उठून बसणार होतो, शपथेवर सांगतो. बसायचं, "बघा, आत्ताच हलत होती" म्हणायचं आणि परत त्या दहाच्या चक्रात अडकायचं. पण आचाऱ्याने आत येऊन माझ्या बरगडीत पळी टोचली आणि म्हणाला,

"गेला हा."

"माझ्या जहाजावर?" कप्तानाचा आवाज एकदम पडला.

"तुमच्याच. माझ्या स्वयंपाकघराच्या शेजारी."

"चौकशी लागेल. पोलीस, डॉक्टर, कागद. चार दिवस हलता येणार नाही. धक्काही जाईल." मग दार ओढून घेत, "कुणी बघितलं याला चढताना?"

"बघितलं असेल. उतरताना नाही बघितलं अजून कुणी."

मेलेल्या तपासनिसाला सही करता येत नाही, आणि सहीशिवाय पाण्याचा एक थेंब सोडता येत नाही. हे मला तिथे पडल्या पडल्या सुचलं. आयुष्यात एवढी चांगली कल्पना मला आधी सुचली नाही, नंतरही नाही. मी मेलेलाच राहिलो.

मिस्त्री आणि आचाऱ्याने मला स्टुलासकट उचललं. मिस्त्री रडत होता. "माझ्या दिव्यांचं किती कौतुक करायचा हो," म्हणत होता. जिना उतरताना त्यांनी माझं डोकं दोनदा कठड्यावर आपटलं. दुसऱ्या वेळी आचारी म्हणाला, "सॉरी," आणि मला जवळजवळ "असू दे" म्हणायला झालं. धक्क्यावर दोरखंडांच्या ढिगाला टेकून त्यांनी मला बसवलं, डोळ्यांवर टोपी ओढली, वर गेले, आणि पाच मिनिटांत म्हातारीने दोर सोडले. इतक्या घाईने निघालेलं जहाज मी पाहिलं नाही. त्या दिवशीही पाहिलं नाही, टोपीखालून नुसतं ऐकलं.

पहारेकऱ्याने मला ओळखलं आणि आक्काला निरोप धाडला, तुमचा भाऊ धक्क्यावर बसल्या बसल्या गेला. मी उठलो नाही. जहाज बंदराच्या लाटा अडवणाऱ्या भिंतीबाहेर पडेपर्यंत उठायचं नाही असं ठरवलं होतं. आक्काची पावलं आली. ती रडली नाही. समोर उकिडवी बसली, टोपी वर केली आणि कपाळावर एक टिचकी मारली. मोजलं वगैरे काही नाही.

"ऊठ. जहाज भिंतीबाहेर गेलं."

"तुला कसं कळलं?"

"डावी पापणी. लहानपणीही हीच हलायची." मग पहारेकऱ्याला म्हणाली, "पाणी आण रे, मेलेल्याला तहान लागली असेल." पहारेकरी पाणी आणायला गेला तो त्या दिवशी परत आलाच नाही.

मी तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे ते पाणी अजून तिच्या पोटातच."

"पोटातच."

"आता कुठे जाणार ती?"

"पुढच्या बंदरात. दोन दिवसांची वाट आहे."

"तिथे कोण आहे?"

"माझ्यासारखाच एक."

आक्का पाण्याकडे बघत राहिली. "त्याला बहीण आहे का?"

मी संध्याकाळच्या आत फोन लावला. पलीकडचा तपासनीस तरुण वाटला, नीट बोलला. मी म्हटलं, म्हातारीच्या पाण्यावर विश्वास ठेवू नका. तो म्हणाला, किती मोजू? मी म्हटलं, मोजू नका. कपाळ मायक्रोस्कोपला टेकवा, श्वास सुतासारखा करा आणि मरा. चाळीस मिनिटं तरी मरा. त्याने माझं नाव पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाला, "काका, तुमच्या कचेरीत आणखी कुणी आहे का फोनवर यायला?" पण मी ऐकेना, तेव्हा शेवटी म्हणाला, "बरं. तुमच्यासाठी म्हणून बघतो."

साहेबांनी मला कामावरून काढलं. ड्यूटीवर असताना पूर्वपरवानगीशिवाय मरणे, असा शेरा त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला. मी त्याला आव्हान दिलं नाही. तसंही आता दहा मोजायला बसलो की माझे ओठ दहावर थांबत नव्हते.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला तेव्हा मी आक्काकडे तराफ्यावर होतो. तिने त्या दिवसापासून एकही करडा पाण्यात टाकला नव्हता. चारही तराफ्यांच्या दोऱ्या खरवडून तिने सगळे किनाऱ्यावर, भरतीच्या रेषेच्या खूप वर, उन्हात पसरले होते. पाचव्या तराफ्यावर निम्मी दोरी साफ झाली होती, आणि तिथे तिचे स्वतःचे काळे शिंपले टिचकी मारली की टकाटक मिटत होते. त्या आवाजाने तिला इतकं बरं वाटत होतं की ती गरज नसताना टिचक्या मारत होती.

"काका," पलीकडचा तरुण म्हणाला, "तुम्ही म्हणालात तसं केलं. अगदी तसंच. कपाळ टेकवलं, श्वास कोंडला. चाळीस नाही, दीड तास पडलो. बायको डबा घेऊन आली ती किंचाळली."

"आणि?"

"एकही हललं नाही. पाकळीसुद्धा नाही. मेलेत हो, काका. सही दिली मी."

त्याच्या मागे कुठेतरी पाण्याचा धो धो आवाज येत होता.

मी फोन ठेवला. आक्काने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं. मला जे उमगायला थोडा वेळ लागला ते तिला आधीच उमगलं होतं. भिंगाला चिकटल्यावर पोरांना माझ्या कपाळाच्या नाडीचे ठोके लागले असणार, मिस्त्रीने भिंग धुऊन ती वाटीतल्या पाण्यासकट त्याच टाकीत परत ओतली असणार, आणि वरचा माणूस मेल्याचं सोंगही घेतो, हे ती पोरं टाकीतल्या बाकीच्यांना दोन दिवस सांगत गेली असणार.

"दोन महिन्यांनी म्हातारी परत येईल," मी म्हणालो. "माझ्या जागी नवा माणूस असेल. दहा मोजणारा."

"येऊ दे. आधी हे बघू." तिने हनुवटीने किनाऱ्याकडे खूण केली.

तिथे करड्यांचा ढीग उन्हात पडला होता. आ वासलेला, कोरडा, पांढरा पडत चाललेला. कुणीही बघितलं असतं तर मेलेला म्हणालं असतं.

"किती दिवस ठेवणार?"

"नऊ दिवस ऊन देते."

"आणि नवव्या दिवशी?"

"आणखी नऊ."

तिने तराफ्यावरची खुर्ची उचलली, वाळूत ढिगासमोर नेऊन टाकली आणि पदर डोक्यावरून घेऊन बसली. मी थोडा वेळ तिच्याकडे बघत होतो. तिचा श्वास चालू आहे की नाही, हे इतक्या लांबून मला कळेना.